गप्पी माशांच्या ठिपक्यांचा हिशेब मांडणारे शास्त्रज्ञ : ओइविंड विंगे



या पानावर आम्ही थोर माणसांची ओळख करून देत असतो. बहुतेक वेळा ती माणसे आपल्या ऐकण्यातली असतात. या वेळी आम्ही ज्यांची माहिती देत आहोत त्यांचे नाव बाजारकुणंगमध्ये कोणी घेतले असेल असे वाटत नाही. मात्र त्यांनी ज्या माशांवर आयुष्याची कित्येक वर्षे घालवली ते मासे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. ते आपल्या शाळेच्या मागच्या सिमेंटच्या हौदात आहेत. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खात्याचे कर्मचारी जे सोडायला देतात, तेच हे गप्पी मासे.

पावसाळ्यात हौदाच्या काठाशी बसून मासे बघणे हा आपल्या मुलांचा आवडता उद्योग आहे. अशाच एका दिवशी पाचवीतल्या काही मुलांनी आम्हाला विचारले, की सगळे रंग नुसत्या लहान माशांनाच का? मोठे मासे असे राखाडी का? लहान रंगीत ते नर आणि मोठ्या राखाडी त्या माद्या, एवढे आम्ही सांगितले. लगेच दुसरा प्रश्न आला. मादीला रंगच नाही, तर मग पिल्लांना रंग कोणाकडून मिळतो? बापाकडूनच ना?

प्रश्न सोपा वाटला तरी उत्तर सोपे नव्हते. ते शोधताना आम्हाला ओइविंड विंगे भेटले.

गप्पी हे नाव कुठून आले

आधी माशाची थोडी ओळख करून घेऊ. गप्पी हे नाव ऐकून आपल्याला गप्पा आठवतात, पण त्याचा गप्पांशी काही संबंध नाही. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्याच्या जवळच्या त्रिनिदाद बेटावरचा. त्रिनिदादमध्ये रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी नावाचे इंग्रज गृहस्थ राहत. ते तिथे शाळांचे अधिकारी होते आणि फावल्या वेळात शंख, जीवाश्म, मासे गोळा करीत. त्यांनी पाठवलेले मासे १८६६ साली लंडनच्या संग्रहालयात अभ्यासले गेले आणि त्यांचे नाव माशाला दिले गेले. खरे म्हणजे त्याआधी १८५९ सालीच पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञांनी व्हेनेझुएलातून आलेल्या याच माशाचे वर्णन केले होते, म्हणून शास्त्रीय नाव त्यांचेच चालते : पोईसिलिया रेटिक्युलाटा. बोलण्यात मात्र शाळांच्या साहेबांचेच नाव राहिले.

हा मासा अंडी घालत नाही, थेट पिल्ले देतो. साधारण चार आठवड्यांनी एक वेत होते. पिल्ले दोनतीन महिन्यांत मोठी होतात. लहानशा भांड्यात राहतो, खायला थोडेच लागते आणि प्रत्येक नराचे ठिपके वेगळे. काळा ठिपका, नारिंगी पट्टा, निळी चकाकी, पिवळी शेपटी. एका घरातल्या माणसांचे चेहरे जसे वेगळे तसे एका हौदातले नर वेगळे. वंशाचे गुण अभ्यासायला यापेक्षा सोयीचा मासा मिळणे कठीण.

बालपण आणि शिक्षण

ओइविंड विंगे यांचा जन्म १९ मे १८८६ रोजी डेन्मार्क देशातल्या ऑरहूस या गावी झाला. डेन्मार्क हा युरोपच्या उत्तरेकडचा छोटा, सपाट, जवळजवळ सगळीकडून समुद्राने वेढलेला देश. त्या काळी मुख्यतः शेती, दूधदुभते आणि मासेमारी यांवर जगणारा. विंगे यांनी राजधानी कोपनहेगनच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला.

तो काळ फार महत्त्वाचा होता. मेंडेल या धर्मगुरूंनी वाटाण्याच्या रोपांवर केलेले प्रयोग १८६६ साली छापून आले होते, पण पस्तीस वर्षे त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. १९०० साली ते पुन्हा उजेडात आले. आईबापांचे गुण पाण्यात मिसळलेल्या रंगासारखे एकजीव होत नाहीत, तर ते वेगवेगळ्या दाण्यांसारखे सुटे राहतात आणि पुढच्या पिढीत पुन्हा वेगळे काढता येतात, हे लोकांना पटू लागले. या दाण्यांना जीन हे नाव १९०९ साली कोपनहेगनच्याच योहानसेन या शास्त्रज्ञांनी दिले. आपण मराठीत त्यांना जनुक म्हणतो. तरुण विंगे याच शहरात शिकत होते.

शिक्षणानंतर ते कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करू लागले. ही प्रयोगशाळा बिअर बनवणाऱ्या एका कारखानदाराने १८७५ साली स्वतःच्या पैशाने सुरू केली होती. तिथे लागलेले शोध कारखान्यापुरते न ठेवता जगासमोर मांडायचे, असा तिचा शिरस्ता होता. आपल्या नववी-दहावीच्या पुस्तकात आम्लता मोजण्याची पीएच ही मोजपट्टी येते ना, तीही १९०९ साली याच प्रयोगशाळेत जन्मली.

१९१७ साली विंगे यांनी वनस्पतींच्या गुणसूत्रांविषयी एक महत्त्वाचा विचार मांडला. प्रत्येक पेशीत सुतासारखी गुणसूत्रे असतात आणि ती जोडीजोडीने असतात. दोन वेगळ्या जातींचा संकर झाला, की गुणसूत्रांना जोडीदार सापडत नाही आणि असे रोप बहुधा वांझ निघते. पण अशा रोपात सगळ्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाली, तर प्रत्येकाला जोडीदार मिळेल आणि एक नवी, बी धरणारी जात तयार होईल, असे त्यांनी म्हटले. १९२५ साली तंबाखूच्या दोन जातींच्या संकरात हे प्रत्यक्ष दिसले. आपण खातो तो गहू आणि आपल्या डोंगरउतारावर होणारी नाचणीसुद्धा अशाच दुप्पट झालेल्या संकरातून आलेली पिके आहेत, हे आज माहीत आहे.

बापाचा ठिपका

आता माशांकडे वळू. कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत विंगे यांचे वरिष्ठ होते योहानेस श्मिट. ईल माशाची पिल्ले अटलांटिक महासागरात नेमकी कुठे जन्मतात, हे शोधून काढणारे ते जगप्रसिद्ध समुद्रसंशोधक. त्यांच्याकडे गप्पी माशांचे वेगवेगळे वाण पाळलेले होते. एका वाणाच्या प्रत्येक नराच्या पाठीवरच्या परावर मोठा काळा ठिपका असे. दुसऱ्या वाणात तो नसे. माद्या दोन्ही वाणांच्या सारख्याच, साध्या राखाडी.

श्मिट यांनी ठिपक्याचा नर आणि दुसऱ्या वाणाची मादी यांची जोडी लावली. सगळ्या मुलग्यांवर ठिपका आला. त्या मुलग्यांना पुन्हा बिनठिपक्याच्या वाणातल्या माद्या दिल्या. त्यांच्याही सगळ्या मुलग्यांवर ठिपका आला. मग उलट केले. ठिपक्याच्या वाणातली मादी घेतली आणि बिनठिपक्याचा नर दिला. एकाही मुलग्यावर ठिपका आला नाही. त्या मादीच्या नातवंडांतही तो दिसला नाही.

मेंडेलच्या वाटाण्यात दुसऱ्या पिढीत तीनास एक असे प्रमाण पडते. इथे काही प्रमाणच नव्हते. ठिपका बापाकडून मुलाकडे जात होता आणि मुलीच्या वाटेने कधीच जात नव्हता. श्मिट यांनी हे १९२० साली प्रसिद्ध केले आणि त्याच सुमारास ते ईल माशांच्या शोधात जहाजाने पुन्हा समुद्रावर गेले. गप्पींचे काम विंगे यांनी हाती घेतले. १९२१ साली ते कोपनहेगनच्या पशुवैद्यक व कृषी महाविद्यालयात आनुवंशिकीचे प्राध्यापक झाले आणि १९२२ साली त्यांनी या कोड्याचे उत्तर दिले.

मादीत एक्स नावाची दोन गुणसूत्रे असतात. नरात एक एक्स आणि एक वाय. बाप मुलाला वाय देतो आणि मुलीला एक्स देतो. काळ्या ठिपक्याचे जनुक वाय गुणसूत्रावर असेल, तर ते मुलाकडेच जाईल आणि मुलीकडे कधीच जाणार नाही. असे मानले, की श्मिट यांचा सगळा हिशेब जुळतो.

आज हे सोपे वाटते. त्या वेळी ते धाडसाचे होते. अमेरिकेत मॉर्गन आणि त्यांचे सहकारी फळमाशीवर काम करीत होते आणि फळमाशीचे वाय गुणसूत्र जवळजवळ रिकामे दिसत होते. शिवाय गप्पीच्या पेशीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर ४६ गुणसूत्रे दिसतात आणि त्यांतले एक्स कोणते, वाय कोणते, हे नुसत्या डोळ्यांना वेगळे काढता येत नाही. म्हणजे विंगे यांनी वाय गुणसूत्र पाहून उत्तर दिले नाही. पिल्ले मोजून दिले. त्याच सुमारास, १९२१ साली, जपानमध्ये आइदा या शास्त्रज्ञांनी भातखाचरातल्या मेडाका नावाच्या लहान माशात लाल रंगाचे जनुक एक्स आणि वाय दोन्हींवर असते हे दाखवले होते. दोन टोकांच्या दोन देशांत, दोन छोट्या माशांनी एकच गोष्ट सांगितली.

आडनाव आणि आजोळ

आमच्या मुलांना हे समजावून सांगताना आम्ही आडनावाचे उदाहरण दिले. आडनाव बापाकडून मुलाकडे जाते. मुलगी लग्न करून दुसऱ्या घरी गेली, की तिच्या मुलांना तिच्या माहेरचे आडनाव लागत नाही. काळा ठिपका हे गप्पीचे आडनाव समजा.

पण घरात फक्त आडनावच असते का? मुलगा मामाच्या वळणावर गेला, नाक अगदी आजोळचे आहे, असे आपल्या आज्या म्हणतातच. विंगे यांना गप्पीमध्ये हे आजोळही सापडले. काही रंग वाय गुणसूत्रावर नव्हते, एक्सवर होते. असा रंग असलेल्या नराच्या मुलग्यांवर तो दिसत नाही, कारण त्यांना बापाचा एक्स मिळतच नाही. तो मुलींकडे जातो. मुली मात्र राखाडीच दिसतात. आणि त्या मुलींना मुलगे झाले, की त्यांतल्या सुमारे निम्म्यांवर आजोबांचा रंग अचानक उमटतो. पिवळ्या रंगाचा असा एक गुण त्यांनी नोंदवला आहे.

मधल्या पिढीतली ती राखाडी मादी रंगहीन नव्हती. तिच्यात रंग होता, तो झाकलेला होता. रंग उमटायला नराच्या शरीरातले संप्रेरक लागते, ते तिच्यात पुरेसे नसते, एवढेच. पुढे शास्त्रज्ञांनी माद्यांना असे संप्रेरक देऊन पाहिले, तेव्हा त्या साध्या दिसणाऱ्या माद्यांच्या अंगावर त्यांचे लपलेले ठिपके उमटले. पाचवीतल्या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. पिल्लांना रंग बापाकडूनच मिळतो असे नाही. आईही देते. फक्त तिने काय दिले ते तिच्या अंगावर दिसत नाही.

१९२३ साली विंगे यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. एक्सवरचे काही रंग क्वचित वायवर जातात आणि वायवरचे एक्सवर येतात. जोडीतली दोन गुणसूत्रे एकमेकांजवळ येतात तेव्हा त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, त्यामुळे हे घडते. काळ्या ठिपक्यासारखी काही जनुके मात्र वाय सोडून हलत नाहीत. १९२७ साली त्यांनी रंगांच्या १८ जनुकांची यादी आणि प्रत्येकाची जागा प्रसिद्ध केली. काही फक्त वायवर, काही एक्स आणि वाय दोन्हींवर फिरणारी. आडव्या बाजूंवर उभे पट्टे आणणारे एक जनुक तर या दोन्हींवर नव्हते, दुसऱ्याच साध्या गुणसूत्रावर होते. प्रत्येक जनुकाला त्यांनी लॅटिन नाव दिले. काळ्या ठिपक्याचे नाव मॅक्युलॅटस, म्हणजे डाग असलेला.

आमची फसलेली मोजणी

हे वाचून आम्हालाही उत्साह आला. पाठीवरच्या परावर ठळक काळा ठिपका असलेला एक नर आम्ही हौदातून काढला, एक मोठी मादी काढली आणि दोघांना काचेच्या वेगळ्या टाकीत ठेवले. महिन्याभराने पिल्ले झाली. मुलांनी वहीत रकाने आखले. नर पिल्लांना रंग भरू लागले तेव्हा काहींवर ठिपका होता आणि काहींवर मुळीच नव्हता. मुले म्हणाली, विंगे चुकले.

विंगे चुकले नव्हते, आम्ही चुकलो होतो. गप्पीची मादी एकदा नराजवळ राहिली, की त्याचे बीज शरीरात साठवून ठेवते आणि पुढे कित्येक महिने नराशिवाय पिल्ले देत राहते. आमची मादी हौदातल्या कितीतरी नरांबरोबर राहून आलेली होती. म्हणून विंगे यांच्या प्रयोगात मादी पिल्ले अगदी लहान असताना, नर-मादी ओळखू येताच वेगळी करावी लागत. एका टाकीत एक जोडी, प्रत्येक टाकीवर क्रमांक, प्रत्येक वेताची नोंद. एकाच मादीला आधी एक आणि मग दुसरा नर दिल्यास कोणत्या वेतात कोणाची पिल्ले येतात, याचाही त्यांनी अभ्यास करून १९३७ साली तो प्रसिद्ध केला.

विद्यार्थी मित्रांनो, यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. आपले उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळले नाही, तर लगेच पुस्तक खोटे ठरवू नये आणि आपली वही खोडूही नये. कुठे काय राहिले ते शोधावे. आमची ती वही आम्ही जपून ठेवली आहे.

मुलगा की मुलगी

विंगे पुढे आणखी एका प्रश्नाकडे वळले. नर होणे हे फक्त वाय गुणसूत्रावर अवलंबून असते का? त्यांच्या माशांत क्वचित असा नर सापडे, की रंगांच्या हिशेबाने त्याच्यात वाय असणे शक्यच नव्हते. तो दोन एक्स असलेला नर होता. अशा माशांची पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांनी असा वाण तयार केला, ज्यात नरही दोन एक्सचे आणि माद्याही दोन एक्सच्या. म्हणजे गप्पीमध्ये बाकीच्या गुणसूत्रांवरही नर-मादी ठरवणारी लहान लहान जनुके असतात आणि त्यांचे पारडे जड झाले तर निकाल बदलू शकतो. १९३४ साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केले.

माणसात गोष्ट याहून सरळ आहे. माणसाचीही गुणसूत्रे गप्पीइतकीच, ४६. आईकडे दोन एक्स, बापाकडे एक एक्स आणि एक वाय. माणसात मुलगा होणे वाय गुणसूत्रावर ठरते हे १९५९ साली स्पष्ट झाले आणि वायवरचे नेमके जनुक १९९० साली सापडले. आई प्रत्येक मुलाला, मग तो मुलगा असो की मुलगी, एक्सच देते. तिच्याकडे देण्यासारखे दुसरे काही नसतेच. एक्स जाणार की वाय, हे बापाच्या बाजूने ठरते. आणि बापाच्याही ते हातात नसते. नाणे उडवावे तसे ते होते.

पालकहो, हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. आपल्या समाजात अजूनही दुसरी किंवा तिसरी मुलगी झाली, की सुनेकडे बोट दाखवले जाते. तिला बोलणी खावी लागतात, नवससायास करावे लागतात, काही घरांत तर दुसऱ्या लग्नाची भाषा होते. या शाळेत शिकलेल्या मुलीही उद्या कोणाच्या तरी घरी सुना म्हणून जातील. ज्या गोष्टीत बाईचा काहीच हात नाही, त्याचा दोष तिच्या माथी मारणे हा अन्याय आहे आणि ते अज्ञानही आहे. हौदावर बसणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे बारा वर्षांच्या वयात कळले, तर पुढे एखाद्या घरातले रडणे तरी वाचेल.

एक सावधगिरीही सांगायला हवी. माशाच्या ठिपक्याचे जनुक वायवर आहे म्हणून माणसाची हुशारी किंवा कर्तृत्व बापाकडून मुलाकडेच जाते, असे कोणी समजू नये. माणसाच्या वाय गुणसूत्रावर फार थोडी जनुके आहेत. बाकीची हजारो जनुके मुलाला आणि मुलीला आईबाप दोघांकडून मिळतात. वंश चालवायला मुलगाच लागतो, या म्हणण्याला विंगे यांच्या माशांचा आधार नाही. आजोबांचा पिवळा रंग मुलीच्याच वाटेने नातवापर्यंत पोचला होता, हे विसरू नका.

यीस्ट, कुत्रे आणि शेवटची वर्षे

१९३३ साली श्मिट वारले. त्यांच्या जागी विंगे कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेच्या शरीरक्रिया विभागाचे प्रमुख झाले आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिले. तिथे त्यांनी यीस्टवर काम सुरू केले. पाव फुगवणारे आणि मद्य आंबवणारे यीस्ट हे डोळ्यांना न दिसणारे एकपेशी सजीव. त्यांच्यातही मेंडेलचे नियम चालतात का, हा प्रश्न होता. १९३५ साली विंगे यांनी दाखवले, की यीस्टच्या जीवनात एकेरी गुणसूत्रांची आणि दुहेरी गुणसूत्रांची अशा दोन अवस्था आळीपाळीने येतात, आणि दोन एकेरी पेशी एकत्र आल्या की दुहेरी होतात. म्हणजे यीस्टचाही संकर करता येतो. पुढे सहकाऱ्यांबरोबर त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक बीजाणू वेगळा करून असे संकर घडवले. आज यीस्ट हा जगभरच्या प्रयोगशाळांत सर्वांत जास्त अभ्यासल्या जाणाऱ्या सजीवांपैकी एक आहे, आणि यीस्टच्या आनुवंशिकीचे जनक म्हणून विंगे यांचेच नाव घेतात.

या काळातली पाच वर्षे, १९४० ते १९४५, डेन्मार्क जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. १९४७ साली विंगे यांनी आपल्या सहकारी एस्थर डिटलेव्हसेन यांच्याबरोबर गप्पींच्या रंगावर आणि नर-मादी ठरण्यावर पुन्हा एक निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे १९२२ साली ज्याचे कोडे उलगडले तो मासा पंचवीस वर्षांनीही त्यांनी सोडला नव्हता. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य म्हणून निवडले. कुत्र्यांच्या जाती आणि त्यांच्या केसांचे रंग यांवरही त्यांनी पुस्तक लिहिले, ते १९५० साली इंग्रजीत आले. ५ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

माशांची गोष्ट त्यांच्याबरोबर संपली नाही. त्रिनिदादच्या ओढ्यांत पुढच्या शास्त्रज्ञांनी पाहिले, की मोठे शिकारी मासे असलेल्या पाण्यात गप्पी नर फिके असतात आणि धबधब्याच्या वर, जिथे शिकारी पोचत नाहीत, तिथे ते जास्त रंगीत असतात. जॉन एंडलर यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे थोड्याच पिढ्यांत बदलताना दाखवले. मादीला रंगीत नर आवडतो, शिकाऱ्यालाही तोच आधी दिसतो. या ओढाताणीतून ठिपके ठरतात. २०१६ साली गप्पीची संपूर्ण जनुकमालिका प्रसिद्ध झाली. विंगे यांना सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी काढता न आलेली ती जोडी आता बाराव्या क्रमांकाने ओळखली जाते.

मुलांसाठी काम

ज्यांना मोजणी करायची आहे त्यांनी शाळेत नाव द्यावे. तीन आठवड्यांच्या आतली मादी पिल्ले वेगळ्या बरणीत ठेवायची, ती मोठी झाल्यावर एकेका मादीला एकच नर द्यायचा, त्या नराचे चित्र आधी वहीत काढायचे आणि मग त्याच्या मुलग्यांची चित्रे शेजारी काढायची. कोणता ठिपका आडनावासारखा चालतो आणि कोणता आजोळहून येतो, ते तुम्हीच शोधा.

एक अट आहे. प्रयोग झाल्यावर मासे शाळेच्या हौदातच परत सोडायचे. ओढ्यात किंवा भातखाचरात सोडायचे नाहीत. गप्पी बाहेरून आलेला मासा आहे, तो झपाट्याने वाढतो आणि आपल्या ओढ्यांतल्या लहान माशांचे खाणे व जागा बळकावतो. काळी नदी आपल्याच तालुक्यात उगम पावते. तिच्या पाण्यात काय सोडायचे आणि काय नाही, याची पहिली जबाबदारी आपली आहे.

विंगे यांच्याकडे नव्याने सापडलेला प्रदेश नव्हता की मोठे यंत्र नव्हते. होत्या त्या माशांच्या टाक्या, क्रमांकाच्या चिठ्ठ्या आणि नोंदीची वही. यांतले आपल्या शाळेत नाही असे काहीच नाही.